शंभर वॅटची वंशावळ

नाणेघाट चढून माथ्यावर आलं की जुन्नर तालुक्यातलं पहिलं गाव घाटघर. शेजारी जीवधन, पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे. अशा मुलखातही आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरी जमिनीला धरून, चढउतारांना वळसा घालत दूरवर जातात. एफएमच्या लहरी मात्र जवळजवळ सरळ रेषेत धावतात. डोंगर आडवा आला की पलीकडे त्यांची सावली पडते. सह्याद्रीतल्या खोऱ्याला स्वतःचं एफएम हवं असेल, तर ते त्या खोऱ्यातच उभं करावं लागतं.

अशा छोट्या सामुदायिक केंद्रांची सुरुवात २००१ नंतरच्या शहरी खासगी एफएममध्ये शोधायची सवय आपल्याला लागली आहे. मला ते पटत नाही. या केंद्रांचं मूळ १९५६ सालात आहे, आणि तेही पुण्यात.

पुण्याची आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली. अडीच वर्षांच्या आत तिने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग हाती घेतला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं उभी राहिली. कल्पना कॅनडातली, भाषा आणि विषय इथले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. संध्याकाळी गावचा सार्वजनिक रेडिओ लागायचा, वीसेक माणसं भोवती बसायची. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि माणसांचं बोलणं सुरू. मंडळाचा चिटणीस चर्चा टिपून घ्यायचा आणि पुण्याला अहवाल पाठवायचा. शंका असल्या तर त्याही त्यातच. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची.

मला या सगळ्यात तो अहवालच सर्वांत मोलाचा वाटतो. गावाने ऐकायचं आणि केंद्राने सांगायचं, ही रीत तिथे पहिल्यांदा मोडली. प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केला. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला हा माणूस मराठी खेड्यांतल्या बैठकांचा हिशेब मांडत होता. मंडळांनी नुसत्या गप्पा मारल्या नाहीत, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे: विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या विकत घेतल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या.

पुढे मंडळं देशभर पसरली आणि हळूहळू विरली. केंद्रंही सरकारची आणि लहरीही सरकारच्या, असंच चालत राहिलं. ते बदललं एका क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून. १९९३च्या हिरो कपचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. तरी सामुदायिक केंद्रांचे परवाने आधी शैक्षणिक संस्थांपुरतेच निघाले. नोव्हेंबर २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. दोनच वर्षांत म्हसवडला, माणच्या दुष्काळी पट्ट्यात, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ९०.४ मेगाहर्ट्झवर बोलू लागली. महिलांची सहकारी बँक उभी करणाऱ्या माणदेशी परिवाराचं हे केंद्र. बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ही सामुदायिक केंद्रांच्या याच वंशावळीतली.

या केंद्रांची शक्ती साधारण शंभर वॅट, मनोरा फार तर तीस मीटर, आवाज दहा-पंधरा किलोमीटर. निम्मा तरी मजकूर स्थानिकांच्या सहभागातून यावा, अशी अट आहे. ती अट म्हणजे १९५६चा अहवालच. मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. गाव दिसत नाही, हे कळलं ते एसटीच्या चालकामुळे. शंभर वॅटच्या केंद्राने तो डोंगर थांबवला नसता. पण हवामानाची माहिती नियमानुसार बातमीत धरली जात नाही. ती देता येते, मराठीतही आणि ठाकर-महादेव कोळ्यांच्या बोलीतही. घाटघर, आहुपे, भीमाशंकरच्या पट्ट्यात मुसळधार पाऊस लागला की ती बोलीत सांगणारा माणूस त्याच खोऱ्यातला हवा.