ओल्नेचे हत्ती

पश्चिम फ्रान्समधल्या ओल्ने गावचं सेंट पीटरचं चर्च वस्तीबाहेर, जुन्या दफनभूमीत उभं आहे. १२व्या शतकातलं, रोमनेस्क शैलीचं, स्पेनमधल्या सान्तियागोला पायी निघालेल्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं. मी शिल्पकला शिकवते, त्यामुळे माझा पाय आधी दक्षिणेच्या दाराशी अडतो. इथे कमानीच्या एकेका दगडात एकेक आकृती कोरलेली. बायबलातले वडीलधारे २४, पण इथे ३१ बसलेत, हातांत वाद्यं आणि सुगंधी कुप्या घेऊन! कमानीला दगड लागले तितक्या मूर्ती घडवल्या, असंच मला वाटतं. बांधकामाची गरज भागवताना पाथरवट बिचकला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. बाहेरच्या ओळीत तर तंतुवाद्य छेडणारं गाढवही आहे.

आत एका स्तंभशीर्षावर हत्ती आहेत, इवल्याशा कानांचे. वर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘हे हत्ती आहेत’. घडवणाऱ्याने खरा हत्ती बहुधा पाहिलाच नसावा. ऐकीव वर्णनावरून किंवा एखाद्या चित्रावरून त्याने तो दगडात उतरवला असणार. तरीही सोंडा ओळखू येतात, अंगाचा भारदस्तपणाही जाणवतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी याच हत्तींची छायाचित्रं आधी दाखवते.