निळा दिवा, लाल दिवा: एका इंजिनाचे शेवटचे 16 तास

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी 9 वाजून 36 मिनिटांनी पसरणी घाटात एक इंजिन बंद पडलं ते पडलंच. 1200 सीसी, पेट्रोल, आठ वर्षांची गाडी. कूलिंगचं काम आदल्याच संध्याकाळी झालं होतं आणि नवा पार्ट शेवटपर्यंत शाबूत होता. गाडी आणि वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत. बिघाडाचा क्रम मात्र खरा आहे, कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारून पाहावा.

शुक्रवार, सायंकाळी 5.40
पुण्यातलं एक गॅरेज. वॉटर पंपातून ठिबकत होतं, म्हणून पंप बदलला. वरचा होज पाइप फुगला होता, तोही बदलला. जुनं कूलंट जवळपास सगळं खाली ट्रेमध्ये उतरलं होतं. दोन्ही कामं चोख झाली.

6.25
रेडिएटरचं झाकण उघडून हिरवं कूलंट ओतायला सुरुवात झाली. या इंजिनात सुमारे 4 लिटर मावतं. 3 लिटर गेल्यावर ते काठाशी आलं. कॅनमध्ये 1 लिटर उरलं. कॅन फळीवर गेला.

जे लिटर आत गेलं नाही, त्याच्या जागी हवा होती. गॅरेजच्या भाषेत, सिस्टीमनं एअर पकडली होती.

6.40
इंजिन चालू केलं. ही हवा काढायची रीत ठरलेली आहे: झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलला. थर्मोस्टॅट उघडला की पाणी फिरू लागतं, बुडबुडे वर येतात, पातळी खाली जाते, आणि तेवढं कूलंट पुन्हा ओतायचं.

मे महिना होता. हीटर कोणी लावला नाही. त्यातून गार हवा आली असती, तर पाणी फिरत नाही हे तिथंच कळलं असतं.

6.45
डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझला. या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, अति तापलं की लाल. मधल्या सगळ्या तापमानांना दिवाच नाही.

6.49
मिस्त्रीनं वरच्या होजला हात लावला. गरम. खालच्या होजला लावला. गार. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, पण त्यासाठी त्याच्या मेणाच्या गोळीला गरम पाणी लागावं लागतं. भोवती हवा असली तर तो उशिरा उघडतो. खालचा होज गार, याचा अर्थ पाणी अजून रेडिएटरमधून फिरलेलं नव्हतं.

एवढ्यात गाडीमालक आले. सकाळी महाबळेश्वरला निघायचं होतं.

6.52
झाकण लावलं, इंजिन बंद केलं. ते 12 मिनिटं चालू होतं. रेडिएटरचा पंखा एकदाही लागला नव्हता.

7.05
सिग्नलपर्यंत जाऊन-येऊन ट्रायल झाली. किल्ली देताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, सकाळी गाडी थंड असताना एकदा झाकण उघडून पाणी बघा."
"बघतो."

रात्री
इंजिन गार झालं. गार होताना कूलंट आकसतं आणि रेडिएटर शेजारच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी ओढून घेतो. बाटली जवळजवळ रिकामी झाली. तरीही आतली सगळी हवा भरून निघाली नाही.

शनिवार, पहाटे 5.50
मालकांनी आठवणीनं बोनेट उघडलं. बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली होती. त्यांनी गॅरेजला फोन लावला. उचलला नाही, गॅरेज 10 वाजता उघडतं.

त्यांनी बाटलीत 400 मिलिलिटर नळाचं पाणी ओतून ती वरच्या रेघेपर्यंत आणली. पाणी बाटलीत गेलं, रेडिएटरमध्ये नाही. रेडिएटरचं झाकण तिथून वीतभर अंतरावर होतं. इंजिन पूर्ण थंड होतं. ते झाकण सुरक्षितपणे उघडता येईल अशी ही शेवटची वेळ होती.

6.30
गाडी निघाली. चार माणसं, भरलेली डिकी, एसी चालू.

7.10
खेड शिवापूरचा टोलनाका. रांगेत 9 मिनिटं गेली. डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू आली. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, आत पाणी वाजतंय."
"एसीचं असेल."
एसीचं पाणी थेंबाथेंबानं खाली गळतं, ते वाजत नाही. हीटरच्या नळ्यांमध्ये पाणी आणि हवा एकत्र फिरली की असा आवाज येतो.

टोल सुटला. ताशी 80 च्या वेगात समोरून वारा लागतो, इंजिनावर ताण कमी असतो. पुढचा पाऊण तास सगळं ठीक होतं. निदान लाल दिवा लागला नाही.

8.05
खंबाटकी घाट. पुढे ट्रकांची रांग, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो. त्याची उष्णता रेडिएटरच्याच अंगावर येते. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि थांबत नव्हता. गोडसर वास आला.
"कसला वास?"
"ट्रकचा क्लच जळतोय."
जळत्या क्लचचा वास करपट असतो. गोड वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा. वाफेच्या दाबानं ते बाटलीतून बाहेर उतू जाऊ लागलं होतं.

8.35
सुरूर फाट्यावरून आत वळून वाईच्या रस्त्यावर नाश्ता. इंजिन बंद. गाडी बंद केली की पंप थांबतो, पण तापलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम पाण्याला उष्णता देतच राहतं. बोनेटखाली ताटाएवढं ओलं झालं. एसीच्या पाण्याला रंग नसतो आणि ते बोटांना चिकटत नाही. हे हिरवट होतं. खाली वाकून कोणी बोट लावलं नाही.

9.05
गाडी पुन्हा निघाली. बाटली रिकामी होती. बोनेट उघडलं गेलं नाही.

9.18
वाई मागे पडली, पसरणी घाट सुरू झाला. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1,300 च्या आसपास. मधला रस्ता 12 किलोमीटरचा. वेग ताशी 25 ते 30, आरपीएम साडेतीन हजार. एसी चालू.

9.26
लाल दिवा लागला.

रेडिएटरचं झाकण घट्ट असेल आणि आत दाब टिकून असेल तर साधं पाणीही सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. इथं दाब टिकलेला नव्हता. सिलिंडर हेडच्या सगळ्यात तापणाऱ्या जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, पाण्याऐवजी वाफ होती.

मालकांनी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या. "थांबायचं का?" वळण होतं, मागून एसटी येत होती. "वर पाचगणीत बघू. पाच-सहा किलोमीटर राहिलेत."

या क्षणी इंजिन बंद केलं असतं, तर ते बहुधा वाचलं असतं.

9.29
लाल दिवा विझला.
"बघ, एसी बंद केल्यावर उतरलं."

तापमान उतरलं नव्हतं. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो, इंजिनाचं नाही. पाण्याची पातळी त्याच्या टोकाखाली गेली होती आणि भोवती नुसती हवा-वाफ उरली होती. मोजायला काही उरलं नाही, म्हणून दिवा विझला.

9.31
एसी पुन्हा चालू केला.

9.34
ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. बोनेटखालून टक-टक आवाज येऊ लागला. सिलिंडर इतके तापले होते की पेट्रोल वेळेआधी पेट घेत होतं. पहिला गिअर टाकला.

9.36
सायलेन्सरमधून पांढरा धूर, बोनेटच्या फटींतून वाफ. इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली. स्टार्टरचा एक ठोका ऐकू आला. इंजिन फिरलं नाही.

9.40
मालकांनी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. वळणावरचा मक्याच्या गाडीवाला ओरडला, "दादा, झाकण नका उघडू! हात भाजंल." फडकं खाली ठेवलं गेलं. त्या सकाळी वेळेवर आलेली आणि ऐकली गेलेली ही एकमेव सूचना.

10.04
फोन वाजला. गॅरेजमधून होता. "साहेब, सकाळी तुमचा मिस्ड कॉल होता."

सोमवार
गाडी टोइंग करून आणली. ऑइलची कांडी काढली. तिच्यावर दुधाळ चहाच्या रंगाचं ऑइल होतं. हेड गास्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध जळालं होतं. पिस्टन सिलिंडरमध्ये अडकले होते. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातला. अशा ॲल्युमिनियमच्या हेडला 0.05 मिलिमीटर वाक चालतो. याला त्याच्या कितीतरी पट होता. नवा वॉटर पंप ठणठणीत होता.

गॅरेजमधून तुमची गाडी घेताना
कूलिंगचं कोणतंही काम झाल्यावर चार गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. आत किती लिटर गेलं ते विचारा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. मे महिना असला तरी हीटर लावा, गरम हवा आलीच पाहिजे. खालचा होज गरम होईपर्यंत आणि पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी, गाडी पूर्ण थंड असताना, बाटलीतली नव्हे तर रेडिएटरमधली पातळी बघा. झाकण बाटलीलाच असलेल्या गाडीत बाटलीतली.

पहिल्या तीन गोष्टींना मिळून अर्धा तास लागतो, चौथीला दोन मिनिटं. त्या होईपर्यंत घाट चढू नका. आणि चढत्या रस्त्यावर लाल दिवा लागला, तर गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करा, तो आपोआप विझला तरीही.