आधी वाचावे, मग हलवावे: डेटाबेसच्या स्थलांतराची प्रस्तावना

खाप्यासारख्या गावात पतसंस्थेच्या, शाळेच्या किंवा वाचनालयाच्या एखाद्या संगणकात एक फाइल असते. कुणी हौशी लिपिकाने फावल्या वेळात ॲक्सेस शिकून ती उभी केलेली असते. सभासद, हप्ते, पुस्तके, सारे तिच्यात. ती वर्षानुवर्षे इमानाने चालते. मग दुसऱ्या टेबलावरही तिची गरज पडते, नोंदी वाढतात आणि कुणीतरी म्हणते, हे आता सर्व्हरवर न्यायला हवे. ते काम ज्याच्या अंगावर येते, त्याच्यासाठी ही प्रस्तावना आहे.

ॲक्सेसची फाइल ही दार उघडे असलेली कोठी. जोडलेला प्रत्येक संगणक स्वतः आत शिरून माल काढतो, ठेवतो. मध्येच वीज गेली तर कधी सारी फाइलच उघडत नाही. शिवाय तिला २ जीबीची मर्यादा आहे. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर यांत दाराशी कोठीवाला बसलेला असतो. आपण फक्त चिठ्ठी द्यायची, आत तोच जाणार. प्रत्येक बदल तो आधी रोजकीर्दीत लिहितो. त्यामुळे वीज गेली तरी व्यवहार एक तर पूर्ण होतो, नाहीतर झालेलाच नसतो.

तक्ते उचलून नेणारी साधने फुकट मिळतात. कस लागतो तो वाचण्यात. २०१२ ऐवजी ०२१२ असे टंकले गेले, तर ॲक्सेस ते मुकाट्याने ठेवून घेते. एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-प्रकार १७५३ पूर्वीचे वर्ष स्वीकारतच नाही. ॲक्सेसमध्ये ‘होय’ म्हणजे उणे एक, तिथे अधिक एक. जुन्या चुका अशा वेळी आपणहून पुढे येतात. त्यांना घाबरू नये.

मराठी नोंदींना आणखी जपावे लागते. युनिकोड रुळण्यापूर्वीची बरीच माहिती श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटांत टंकलेली आहे. तिथे पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाइलीत भलतेच चिन्ह असते. फाँट सुटला की नावे वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये आणल्यावरही ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ दोन प्रकारे टंकलेला असू शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा हरवतो.

आधी वाचण्याचा मोठा धडा सातबाऱ्याने दिला आहे. तालुक्यातालुक्यात साठवलेली माहिती राज्याच्या मध्यवर्ती ई-फेरफार व्यवस्थेकडे नेताना हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांत फरक आढळले. म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. तलाठ्याने मोठ्याने वाचायचे, खातेदाराने आपले नाव आणि क्षेत्र ऐकायचे, चूक असेल तर सांगायची. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, त्यामागे या वाचनाचे आणि दुरुस्तीचे कष्ट आहेत.

आपले कामही याच क्रमाने करावे. मूळ फाइलीची प्रत घेऊन प्रतीवरच हात चालवावा. प्रत्येक तक्त्याला प्राथमिक की आहे ना, हे पाहावे. नसेल तर पुढे ॲक्सेसमधून जोडलेल्या तक्त्यात नोंद बदलता येत नाही. तक्ते सर्व्हरवर न्यावेत आणि ॲक्सेसचे फॉर्म ओडीबीसीने त्यांना जोडावेत, म्हणजे रोज काम करणाऱ्यांना ओळखीचाच पडदा दिसेल. दोन्हीकडच्या ओळी मोजाव्यात, ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळवावी.

पण तक्ते हलवण्याआधी दहा खाती कागदावर छापून, ज्या लिपिकाने ती फाइल उभी केली त्याच्याशेजारी बसून, ती वाचावीत. एखाद्या रकान्यात मध्येच ९९ का लिहिले आहे, हे त्यालाच ठाऊक असते. ते कोणत्याही तक्त्यात नोंदलेले नसते आणि कोणतेही साधन ते उचलून नेत नाही. तो निवृत्त होण्याआधी हे काम हाती घ्यावे.

खापा, ता. सावनेर, जि. नागपूर