इन्फ्लेशन म्हणजे फक्त महागाई नव्हे! जाणून घ्या विश्वाच्या पहिल्या क्षणाविषयी

पेडणे (प्रतिनिधी) : कॉमर्सवाल्यांना इन्फ्लेशन म्हटले की महागाई आठवते. खगोलशास्त्रात मात्र हा शब्द विश्वाच्या सुरुवातीच्या अतिवेगवान प्रसरणासाठी वापरतात. मराठीत फुगवटा म्हणूया.

नेमके काय घडले?
विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. सिद्धांत सांगतो की, अगदी सुरुवातीला सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात अवकाश किमान एकावर २६ शून्ये इतक्या पटीने फुगले. सोव्हिएत रशियाचे अलेक्सी स्टारोबिन्स्की (१९८०) आणि अमेरिकेचे अ‍ॅलन गुथ (१९८१) यांनी हा विचार मांडला. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांचे तापमान जवळपास सारखेच कसे, हे कोडे त्यातून सुटते. फुगण्याआधी ती टोके एकमेकांना लागूनच होती.

त्यानंतर काय?
फुगवटा थांबला, त्याची ऊर्जा कणांत आणि प्रारणात बदलली. पहिल्या काही मिनिटांत हेलियमची केंद्रके तयार झाली. वजनाने पाऊण भाग हायड्रोजन, पाव भाग हेलियम. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. हाच प्रकाश १९६५ मध्ये मायक्रोवेव्हच्या रूपात सापडल्याचे जाहीर झाले. जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना, त्यांत त्याचाही थोडासा अंश असायचा. या प्रारणाच्या तापमानात लाखात एक भाग एवढाच चढउतार आहे. तो कोबे उपग्रहाने १९९२ मध्ये दाखवला. अशाच बारीक फरकांतून पुढे दीर्घिका घडल्या.

गोवा आणि नारळीकर
गुरुत्वाकर्षण व विश्वरचनाशास्त्रावरील आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८७ मध्ये गोव्यातच भरली होती. तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर होते. त्यांना मुळात महास्फोटच मान्य नव्हता. फुगवट्याच्या सिद्धांताचा आढावा त्यांनी थानू पद्मनाभन यांच्यासोबत १९९१ मध्ये घेतला. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

सिद्ध झाले का?
अजून पूर्णपणे नाही. दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीला फुगवट्याच्या गुरुत्वीय लहरींची खूण मिळाल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. जगभर बातम्या झळकल्या. पण पुढच्याच वर्षी कळले की, त्या संकेतात आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा मोठा वाटा होता, त्यामुळे दावा टिकला नाही. त्या लहरी अजून सापडलेल्या नाहीत. बहुतेक शास्त्रज्ञ सिद्धांत मानतात, पण शेवटचा पुरावा बाकी आहे.

त्यामुळे पेडणे-डिचोलीतल्या एखाद्या वर्गात मुलाने 'सर, हे नक्की का?' असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. नारळीकर आयुष्यभर हेच विचारत आले.