चक्रीय अर्थव्यवस्था आणि आर्थिक वाढ

चक्रीय अर्थव्यवस्था : वस्तू शक्य तितका काळ वापरात ठेवणारी आणि तिचे आयुष्य संपल्यावर तिच्यातले द्रव्य पुन्हा उत्पादनाकडे वळवणारी आर्थिक रचना. खाणीतून काढणे, घडवणे, वापरणे आणि टाकून देणे या सरळ रेषेला पर्याय म्हणून ती मांडली जाते. तिच्यात दुरुस्तीला पहिला मान आहे. त्यानंतर पुनर्वापर, मग जुन्या यंत्राची नव्याने बांधणी आणि सर्वांत शेवटी वस्तू वितळवून किंवा दळून पुनर्चक्रण. पायरी जितकी खालची, तितके वस्तूत घातलेले श्रम आणि ऊर्जा अधिक वाया जातात. नेदरलंड्समधील संशोधकांनी २०१७ साली या संकल्पनेच्या ११४ व्याख्या तपासल्या, तेव्हा आर्थिक समृद्धी हे उद्दिष्ट त्यांत सर्वांत ठळक आढळले आणि पर्यावरण त्याच्या खालोखाल. चक्रीयतेचा आर्थिक वाढीशी असलेला संबंध हा म्हणूनच या विषयाचा गाभा आहे.

विचाराची वाटचाल : वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम उभारणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक तुरुंगात लिहिले. १९४५ साली गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. कोळसा, खनिज तेल अशा सरत जाणाऱ्या साठ्यांवर जगणारी अर्थव्यवस्था आणि ऊन, पाऊस, पिके यांच्या अखंड प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था, असा भेद कुमारप्पांनी केला. चक्रीय अर्थव्यवस्थेवरील पाश्चात्त्य लेखनात त्यांचे नाव क्वचितच येते. ते यायला हवे. केनेथ बोल्डिंग यांनी १९६६ मध्ये पृथ्वीला मर्यादित शिधा असलेल्या अंतराळयानाची उपमा दिली. अशा यानात किती उत्पादन झाले याला महत्त्व नाही, साठा किती शाबूत राहिला याला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निकोलस जॉर्जेस्कू-रोगेन यांनी १९७१ मध्ये ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचा आधार घेऊन दाखवले, की कोणतीही आर्थिक प्रक्रिया उपयुक्त ऊर्जेचे निरुपयोगी ऊर्जेत रूपांतर करतेच. पूर्ण बंद चक्र त्यामुळे अशक्य ठरते. वॉल्टर श्टाहेल आणि जेनेव्हिएव्ह रडे यांनी १९७६ साली युरोपीय आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात नवी वस्तू बनवण्याऐवजी जुनी टिकवली तर ऊर्जा कमी लागते आणि मनुष्यबळ अधिक, हे मांडले. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ ही संज्ञा डेव्हिड पिअर्स आणि केरी टर्नर यांच्या १९९० च्या पाठ्यपुस्तकातून अर्थशास्त्रात रुजली.

या विचारवंतांपैकी बोल्डिंग, जॉर्जेस्कू-रोगेन आणि कुमारप्पा यांना अमर्याद वाढीविषयी गंभीर शंका होती. २०१० नंतर ही कल्पना उद्योगजगतात पोहोचली आणि तिचा सूर पालटला. एलेन मॅकआर्थर फाउंडेशन आणि मॅकिन्झी यांच्या २०१५ च्या अहवालाने चक्रीय मार्गाने युरोपला २०३० पर्यंत वर्षाला १.८ लाख कोटी युरोचा लाभ होऊ शकेल असा अंदाज दिला. वाढीच्या टीकेतून जन्मलेली कल्पना अशा रीतीने वाढीचे साधन म्हणून पुढे आली.

फारकतीचा प्रश्न : उत्पन्न वाढत असताना संसाधनांचा वापर त्याहून मंद गतीने वाढला, तर ती सापेक्ष फारकत. उत्पन्न वाढूनही वापर प्रत्यक्षात घटला, तर ती निरपेक्ष फारकत. पहिली अनेक देशांत दिसते. पृथ्वीवरचा भार हलका होण्यासाठी मात्र दुसरी हवी, आणि जागतिक पातळीवर ती झालेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार जगातले द्रव्यांचे उत्खनन १९७० मध्ये सुमारे ३,००० कोटी टन होते. २०२४ पर्यंत ते १०,००० कोटी टनांच्या पुढे गेले.

यामागचे गणित साधे आहे आणि ते नीट पाहण्याजोगे आहे. इमारतीत घातलेले पोलाद सरासरी ५० वर्षे अडकून राहते असे धरू. पोलादाची मागणी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर ५० वर्षांत ती जवळपास ४.४ पट होते. आज पाडल्या जाणाऱ्या इमारतींतला प्रत्येक किलो भट्टीत परत आला, तरी आजच्या गरजेचा जेमतेम २३ टक्के भाग त्यातून भागेल. उरलेले खनिजातूनच काढावे लागेल. मागणीची वाढ १ टक्क्यावर आली, तर तेच प्रमाण ६१ टक्क्यांपर्यंत जाते. यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. परत येणारे द्रव्य कालच्या लहान अर्थव्यवस्थेचे असते आणि मागणी आजच्या मोठ्या अर्थव्यवस्थेची. विली हास आणि सहकाऱ्यांनी २००५ सालच्या जागतिक आकडेवारीवरून केलेला हिशेब हेच दाखवतो : प्रक्रिया झालेल्या सुमारे ६,२०० कोटी टन द्रव्यांपैकी ४४ टक्के ऊर्जेसाठी वापरले गेले, म्हणजे ते परत मिळणारच नव्हते, १,७०० कोटी टनांची इमारती, रस्ते, यंत्रे यांच्या साठ्यात निव्वळ भर पडली, आणि पुनर्चक्रित झाले ते अवघे ४०० कोटी टन. भारतासारख्या देशात घरे, पूल आणि शाळा अजून बांधायच्या आहेत. इथे साठा वाढणे अटळ आहे आणि न्याय्यही आहे. ज्या देशांत बांधकाम पुरेसे झाले आहे त्यांना मात्र हे कारण देता येत नाही.

दुसरी अडचण बाजाराची आहे. वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागली की कोळशाचा एकूण खप वाढतो, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच नोंदवले होते. ट्रेव्हर झिंक आणि रोलंड गायर यांनी २०१७ मध्ये हाच तर्क पुनर्चक्रणाला लावला. पुनर्चक्रित मालाने नव्या मालाची जागा घेतली तरच खाणीवरचा ताण उतरतो. स्वस्त पर्याय म्हणून तो बाजारात नुसती भर घालत असेल, तर एकूण खप वाढतो. चक्रीय उपक्रमाचे मूल्यमापन करताना किती टन गोळा झाले याआधी किती टन उत्खनन टळले, हे विचारणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातील साखर उद्योग हे याचे बोलके उदाहरण. कारखान्यात बगॅस म्हणजे उसाची चिपाडे जाळून वीज तयार होते, मोलॅसिसपासून इथेनॉल निघते, रस गाळून उरलेल्या प्रेसमडचे खत होते. कारखान्याच्या कुंपणाच्या आत ही साखळी कौतुकास्पद आहे. पण प्रत्येक उपपदार्थाला भाव मिळाल्याने ऊस अधिक किफायतशीर होतो, आणि दुष्काळी तालुक्यांतही सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा त्याच्याकडे जातो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसली आणि केंद्र सरकारला डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध घालावे लागले. चक्र कुठवर मोजायचे, कारखान्याच्या फाटकापर्यंत की धरणापर्यंत, यावर निष्कर्ष बदलतो.

डेन्मार्कच्या कालुनबोर्ग गावात उपपदार्थांवर उभ्या असलेल्या चक्राची दुसरी बाजू दिसते. तिथे १९६० च्या दशकापासून वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, औषधनिर्मिती आणि जिप्समच्या फळ्या बनवणारा कारखाना एकमेकांची वाफ, पाणी व उपपदार्थ वापरू लागले. ही योजना कोणत्याही सरकारने आखली नव्हती. वीजकेंद्राच्या धुरातले गंधक काढताना तयार होणारा जिप्सम फळ्यांसाठी जाई. पुढे त्या केंद्राने कोळसा सोडला. हवामानासाठी हे योग्यच झाले, पण कोळशावर बेतलेला तो दुवाही त्याबरोबर संपला.

धोरणे : चीनने चक्रीय अर्थव्यवस्थेच्या प्रोत्साहनाचा कायदा २००८ मध्ये केला. युरोपीय संघाचे कृती आराखडे २०१५ आणि २०२० चे आहेत. भारतात प्लॅस्टिक, बॅटरी आणि ई-कचरा यांसाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे आपल्या मालाच्या कचऱ्याची व्यवस्था उत्पादकानेच लावण्याचे बंधन, लागू आहे. दुरुस्तीला बळ देण्याचे प्रयत्न तुलनेने थोडे आहेत. स्वीडनने २०१७ मध्ये सायकली, पादत्राणे व कपड्यांच्या दुरुस्तीवरील कर कमी केला, तर फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांसाठी दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक दाखवणे सक्तीचे केले. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या हिशेबात वीस वर्षे टिकलेल्या फ्रिजपेक्षा पाच-पाच वर्षांनी घेतलेले चार फ्रिज मोठे दिसतात, त्यामुळे टिकाऊपणाला प्रोत्साहन देणारे सरकार आपलाच वाढीचा आकडा खाली आणण्याची जोखीम पत्करते.

भारतात या चक्राचा भार प्रामुख्याने असंघटित कष्टकऱ्यांवर आहे : कचरावेचक, भंगारवाले, धारावीतील प्लॅस्टिक दळणारे कामगार. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम मिळवले. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. कचरा थेट जाळून वीज करण्याचे प्रकल्प आले, की वेगळा करून विकता येणारा सुका माल भट्टीत जातो. त्याने कचरावेचकांची कमाई बुडते आणि द्रव्यही कायमचे चक्राबाहेर पडते.