अणूंचे चेंडू आणि मिश्र वास्तव



७ एप्रिल १८६५ रोजीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आउगुस्ट होफमान या जर्मन रसायनज्ञांनीं व्याख्यानाच्या मेजावर क्रोके खेळाचे चेंडू मांडले. कार्बनचा चेंडू काळा, हायड्रोजनचा पांढरा, ऑक्सिजनचा तांबडा, नायट्रोजनचा निळा, क्लोरिनचा हिरवा. नळ्यांनीं ते जोडून रेणु कसा घडतो तें त्यांनीं दाखविलें. अणु कोणीं पाहिला नव्हता, मग त्यास रंग कोठून असणार? परंतु डोळ्यांना कांहीं आधार पाहिजे होता आणि तो खेळाच्या सामानानें दिला.

त्यांत दोष होते. कार्बनचे चारी हात एकाच पातळींत पसरलेले, आणि चेंडूंच्या आकारांचें प्रमाणही चुकीचें! १८७४ सालीं व्हान्ट हॉफ व ल बेल यांनीं स्वतंत्रपणें मांडलें कीं, ते हात चतुष्फलकाच्या चार कोनांकडे वळलेले असतात. रंग मात्र बहुतांशीं आजही तेच आहेत. मुलांना ते निसर्गाचेच वाटतात, हा मौजेचा भाग.

शंभरांवर वर्षें लोटल्यावर, १९६८ सालीं, अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं डोक्यावर घालावयाचें एक यंत्र प्रसिद्ध केलें. त्याच्या अर्धपारदर्शक आरशांतून समोरची खोली दिसे आणि तींतच संगणकानें रेखाटलेली आकृति तरंगे. डोकें वळविलें कीं तिची दुसरी बाजू दिसे. त्या आकृतींत सायक्लोहेक्झेनचा रेणूही होता. अशा दृश्यांना 'मिश्र वास्तव' हें नांव मिलग्रॅम व किशिनो यांच्या १९९४ च्या निबंधानें रूढ झालें.

आज विद्यार्थी असा चष्मा लावून रिकाम्या मेजावर चंचुपात्र उचलतो. तीव्र गंधकाम्लांत पाणी ओतलें तर तें उसळून अंगावर उडतें. चष्म्यांत ती चूक निर्धोकपणें करतां येते. जेथें प्रयोगशाळाच नाहीं तेथें हा लाभ थोडा नव्हे. तरी कांच तापत नाहीं, वास येत नाहीं. आणि जें यंत्रास आधीं सांगितलें तेवढेंच घडतें.

याच होफमान यांचे साहाय्यक विल्यम पर्किन हे १८५६ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, घरींच क्विनीन करूं पाहत होते. क्विनीन झालें नाहीं. पुढें अ‍ॅनिलिन घेऊन पाहिलें, तों काळा गाळ उरला. तो मद्यार्कांत विरघळवितांच जांभळा रंग उतरला. कोळशाच्या डांबरापासूनच्या रंगांचा धंदा तेथून उभा राहिला. त्या गाळाची वर्दी कोणीं कोणास आधीं दिलेली नव्हती.