पाठीवर पडूनही जिंकणारा रॉयस ग्रेसी : यूएफसीच्या पहिल्या विजेत्याची गोष्ट

कुस्तीत पाठ टेकली की खेळ खल्लास. पण ब्राझीलच्या एका पठ्ठ्याने पाठीवर पडून जगभरच्या दांडग्या फायटर्सना हात आपटायला लावले. त्याचं नाव रॉयस ग्रेसी.

रॉयसचा जन्म १९६६ सालचा, रिओ दि जानेरोचा. त्याचे काका कार्लोस जपानी जुडोपटू मित्सुयो माएदा यांच्याकडून कला शिकले होते. कार्लोस आणि रॉयसचे वडील हेलिओ यांनी तिलाच नवं रूप दिलं. तीच ब्राझिलियन जिउ-जित्सू. समोरच्याला जमिनीवर आणायचं आणि त्याचा गळा किंवा सांधा आवळायचा, हे तिचं सूत्र.

पहिली यूएफसी

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी झाली. आयोजकांपैकी एक होता रॉयसचा थोरला भाऊ रोरियन. आठ फायटर, वजनगट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत. घरात रिक्सनसारखा तगडा भाऊ असतानाही रोरियनने सुमारे ८० किलोच्या सडपातळ रॉयसला उतरवलं. लहान चणीचा माणूस जिंकला, तर श्रेय ताकदीला नाही, कलेला मिळेल, हा त्यामागचा हिशोब.

तो बरोबर ठरला. बॉक्सर आर्ट जिमरसन, केन शॅमरॉक आणि अंतिम फेरीत जेरार्ड गोर्डो अशा तिघांना रॉयसने एकाच रात्री हरवलं. तिन्ही लढती मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. बक्षीस होतं ५० हजार डॉलर.

१९९४ च्या मार्चमध्ये त्याने एका रात्रीत चार लढती जिंकून दुसरी यूएफसीही मारली. तिसऱ्या वेळी मात्र किमो लिओपोल्डोविरुद्धच्या विजयात तो इतका थकला की पुढच्या लढतीतून माघार घ्यावी लागली. डिसेंबरमध्ये अंतिम फेरीत समोर आला सुमारे ११८ किलोचा कुस्तीगीर डॅन सेव्हर्न. जवळपास १६ मिनिटं त्याच्याखाली दबून राहिलेल्या रॉयसने शेवटी पायांच्या कैचीत त्याचा गळा आवळला. लढत इतकी लांबली की अनेकांच्या टीव्हीवरचं प्रक्षेपण त्याआधीच संपलं होतं! पुढच्या स्पर्धेपासून वेळेची मर्यादा आली.

मग हरला कधी?

१ मे २००० रोजी टोकियोत काझुशी साकुराबाशी तो तब्बल ९० मिनिटं लढला. वेळेची मर्यादा नको, ही अट ग्रेसींचीच होती. शेवटी त्यांनाच टॉवेल टाकावा लागला. २००६ मध्ये यूएफसीत परतल्यावर मॅट ह्यूजने त्याला पहिल्याच फेरीत गारद केलं.

२००७ मध्ये त्याने साकुराबाला हरवून हिशोब चुकता केला, पण चाचणीत नँड्रोलोन हे स्टेरॉईड आढळलं. कॅलिफोर्नियाच्या आयोगाने दंड आणि बंदी ठोठावली. ताकदीपेक्षा कला मोठी, हे दाखवणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीवरचा हा डाग कायम राहिला.

तरीही तो महत्त्वाचा का?

२००३ मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये केन शॅमरॉकसोबत सर्वात आधी त्याचंच नाव लागलं. रॉयस जिंकत होता, कारण जमिनीवरचे डाव इतरांना ठाऊक नव्हते. त्याचं पाहून बॉक्सर असो वा कुस्तीगीर, सगळेच ते शिकू लागले. ह्यूज हा मुळात कुस्तीगीर, पण त्यालाही ते अवगत होते. रॉयस मागे पडला तो अशाच पिढीपुढे. आज जिउ-जित्सू न शिकता या खेळात उतरणारा फायटर क्वचितच सापडतो.